दिव्यांचं कॅबिनेट

दुपारी तीन वाजता धाराशिवच्या बसस्थानकावर ढोकीच्या गाडीत आधी एक मोठं खोकं चढलं आणि त्याच्या मागून एक तरुण. खोकं खिडकीच्या सीटवर बसलं. तरुण उभा राहिला.

"याचं तिकीट?" कंडक्टरनं विचारलं.

"लगेज हाय, मामा."

"लगेज खिडकीत बसून वारं खातंय व्हय?"

पलीकडच्या सीटवर बसलेल्या आरोहीनं हसू दाबलं. ती धाराशिवच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, गिऱ्हाईक आलं तर कॉम्प्युटर जुळवून द्यायची आणि आठवड्यातले काही दिवस ढोकीच्या शाखेत जायची. खोक्यावरचं चित्र तिनं लांबूनच ओळखलं होतं. काचेच्या बाजूचं गेमिंग कॅबिनेट, आणि जागा मिळेल तिथं रंगीत पंखे.

गाडी शहराबाहेर पडली तसा परतीच्या पावसाचा शिडकावा आत आला. तरुणानं गळ्यातला गमछा काढून खोक्यावर पसरला आणि स्वतः भिजत उभा राहिला.

"खिडकी लावता येते," आरोही म्हणाली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग खिडकी ओढून दाखवली. ती जागची हलली नाही. "म्हणून गमछा," तो म्हणाला.

तिला उगाच राग आला. "आत मदरबोर्ड कुठला घालणार आहात?"

"ते अजून ठरलं न्हाय."

"प्रोसेसर? ग्राफिक्स कार्ड?"

"पंखे हायेत. सगळ्यात दिवे हायेत."

"अहो, आधी आतलं ठरवतात. मग कॅबिनेट घेतात. पैसे कमी असतील तर कॅबिनेट शेवटी."

"आमच्याकडं आधी ट्रॉली बघत्यात. हेड मागनं येतं."

हेड म्हणजे ट्रॅक्टर. त्याचं नाव अमरसिंह. त्याच्या वडिलांचा, बलभीमरावांचा ट्रॅक्टर हंगामात कारखान्याला ऊस वाहायचा आणि तो चालवायचा अमरसिंह. त्या ट्रॅक्टरवर किती दिवे होते, हे तिनं विचारलं नाही. कॅबिनेटवरून अंदाज आला.

"गेम कुठला खेळणार?"

"शेतीचा एक हाय. त्यात ट्रॅक्टर चालवायचा असतो."

"आणि दिवसभर तुम्ही काय चालवता?"

"ट्रॅक्टर. पण त्यातल्या ट्रॅक्टरला कारखान्यावर नंबर लावून उभं राहावं लागत न्हाय."

ती बाहेर बघायला लागली, कारण आता हसू दाबलं जात नव्हतं.

मित्राचं मशीन जुळवायचं नाही, असा आरोहीचा जुना नियम होता. गिऱ्हाईक पैसे देतं आणि जातं. मित्राला मशीन जुळवून दिलं की त्याचा फोन जन्मभर येतो. पण हा मित्र नव्हताच. त्यामुळं ढोकीला उतरताना तिनं "जुळवून देते" म्हटलं, तेव्हा नियम मोडला असं तिला वाटलं नाही.

पुढच्या काही आठवड्यांत तिला पश्चात्ताप करायची भरपूर संधी मिळाली.

पहिलं भांडण ढोकीच्या क्लासमध्येच, पॉवर सप्लायवरून झालं. कॅबिनेटसोबत फुकट आलेला सप्लाय तिनं हातात घेतला, वजन पाहिलं आणि बाजूला ठेवला.

"हा नको. हा जळेल आणि जाताना बाकीचं घेऊन जाईल."

"पण फुकट हाय."

"म्हणूनच नको."

नव्या सप्लायला लागणाऱ्या पैशात त्यानं दिव्यांची आणखी एक पट्टी बघून ठेवली होती. ती त्याला सोडावी लागली. मग तिनं लातूरहून जुनं पण धड ग्राफिक्स कार्ड मिळवलं, आणि त्यानं विचारलं की हे जरा लाल रंगात मिळेल का. ती त्याच्याकडं इतका वेळ बघत राहिली की शेवटी तोच म्हणाला, "काळं बी चांगलं दिसतंय."

"अमर, मी तुझं डोकं फोडेन."

"तू म्हणालीस," तो म्हणाला.

"काय?"

"न्हाय… 'तुम्ही' न्हाय म्हणालीस. 'तू' म्हणालीस."

त्यानं मान खाली घालून स्क्रू गोळा करायला सुरुवात केली. गोळा करण्यासारखे स्क्रू खाली पडलेले नव्हते.

त्यानंतर ढोकीच्या वर्गाला ती वेळेच्या आधीच्या गाडीनं यायला लागली. एसटीचा भरवसा नसतो, असं तिनं धाराशिवला जिच्याकडं ती राहायची त्या मामीला सांगितलं. तो क्लाससमोर उभा असायचा, कधी हातात केबल, कधी नुसताच. "हे बघ बरोबर आणलंय का," म्हणायचा, आणि ते बहुधा चुकीचं असायचं.

सगळ्यात मोठी चूक दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात झाली. तिचं काम हलकं व्हावं म्हणून त्यानं प्रोसेसर आणि वरचा पंखा घरी स्वतःच बसवला. आरोहीनं बोर्ड हातात घेतला आणि नाक आक्रसलं.

"हा कसला वास आहे?"

"ग्रीसचा."

"कसलं ग्रीस?"

"बेअरिंगचं. चांगलंय ते, आमी तेच वापरतो."

"पंख्याच्या खाली उष्णता ओढून घेणारी राखाडी पेस्ट होती, अमर."

"ती मळ वाटली म्हणून पुसली. मग तू सांगितलेलं आठवलं… दोन धातूंच्या मधी लावायचं असतं ते. दोन धातूंच्या मधी आमी हेच लावतो."

आरोही खुर्चीवर बसली. त्याचं म्हणणं ट्रॅक्टरपुरतं बरोबर होतं. मग तिनं कापूस आणि स्पिरिट मागितलं आणि पुसायला घेतलं. तो शेजारी बसून तिच्या हाताला कापूस देत राहिला. बोटं एकदा लागली. दोघांनीही ती लगेच मागं घेतली नाहीत.

"दिवाळीनंतर हंगाम," तो म्हणाला. "मग मी दिसणार न्हाय. ट्रॅक्टर आन् कारखाना."

"मग मशीन त्याआधी सुरू करू."

"व्हय… करायलाच पायजे."

त्याला यापेक्षा जास्त काही बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. भूमच्या पुढं ईट गावाला तिच्या आईवडिलांच्या घरी स्थळं बघणं सुरू होतं. बार्शीच्या एका मुलाबद्दल होय की नाही ते दिवाळीत सांग, असं वडिलांनी बजावलं होतं. हे तिनं अमरसिंहला सांगितलं. तो "बरं" म्हणाला. त्या एका शब्दाचा राग तिला धाराशिवपर्यंत पुरला.

खंडेनवमीला ती त्याच्या घरी गेली. अंगणात पूजेसाठी कोयते, फवारणीचा पंप, धुतलेला ट्रॅक्टर असं सगळं मांडलं होतं. आरोहीनं ओट्यावर बसून शेवटच्या वायरी जोडल्या. आता फक्त बटण दाबायचं होतं.

अमरसिंहची आई द्वारकाबाई दारातून म्हणाल्या, "थांब गं बाई. पूजा झाल्याबिगर नवं यंतर सुरू करायचं न्हाय. आधी हात धू, चहा घे."

ती हात धुवायला मागच्या अंगणात गेली. परत आली तेव्हा मशीन ट्रॅक्टरशेजारी पाटावर होतं. काचेची बाजू काढलेली होती. पंख्यावर हळद होती, ग्राफिक्स कार्डावर कुंकवाचं बोट होतं, आणि द्वारकाबाई नुकत्याच फोडलेल्या नारळाचं पाणी ट्रॅक्टरवर, पंपावर आणि उघड्या बोर्डावर सारख्याच भक्तीनं शिंपडत होत्या.

"काकू," आरोही म्हणाली.

"काय झालं? ट्रॅक्टर आला तवा फोडला, मोटार बसली तवा फोडला. दोन्ही अजून चालत्यात."

"पण त्यांच्या आत नव्हतं ना टाकलं."

द्वारकाबाईंनी हातातल्या करवंटीकडं पाहिलं, मग मुलाकडं. "हा म्हणाला, आतलं बी दिसू दे देवाला."

पूजा आटोपून घरचे सगळे आत गेल्यावर ओट्यावर ती दोघंच उरली. तिनं एकेक भाग सुटा केला, स्पिरिटनं पुसला आणि स्वच्छ कापडावर मांडत गेली.

"चिडलीस?"

"नाही. मला ग्रीस आवडतं, नारळाचं पाणीही आवडतं."

"एक खरं सांगू? काच म्या काढली, पण ती काय देवासाठी न्हाय."

"मग?"

"बटण दाबलं असतं, सुरू झालं असतं… आन् तू गेली असतीस. वाटलं, आई कुंकू लावंल, तू पुसत बसशील. तेवढाच घंटा. पाणी आतच पडंल असं डोक्यात आलं न्हाय."

आरोहीनं हातातला ब्रश खाली ठेवला. "घंटाभर बसवायचं असेल तर 'बस' म्हणता येतं, अमर. तोंडानं."

"तोंडानं जमत न्हाय."

"ग्रीस लावायला जमतं."

तो हसला नाही. ट्रॅक्टरच्या चाकाला बांधलेल्या झेंडूच्या माळेतलं एक फूल तोडून तो हातात फिरवत बसला. "बार्शीच्या पोराला काय कळवणार हायेस?"

"ते तू विचारतोयस?"

"व्हय."

"त्याच्याशिवाय मला अजून कुणी काही विचारलेलं नाही. मग त्याच्याबद्दलच सांगावं लागेल."

फूल त्याच्या हातात पार कुस्करलं गेलं. आत भांडी वाजत होती, ती एकाएकी थांबली. बहुधा द्वारकाबाईही ऐकत होत्या.

"आमचे अण्णा… ईटला आले तर?"

"कशाला?"

"असंच… म्हणजे, विचारायला." "पण आधी तू सांग. तुला न्हाय पटलं तर त्यांला एवढ्या लांब कशाला—"

गेल्या कित्येक आठवड्यांत या माणसानं योग्य क्रमानं केलेली ही पहिली गोष्ट होती.

"मशीन वाळू दे," ती म्हणाली. "मी येऊन सुरू करीन. सुरू झालं की सांगते. तोवर कुणी बटणाला हात लावायचा नाही."

"कुणी न्हाय लावणार."

"तुझा भरवसा नाही."

तिनं मशीनची पॉवर केबल गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. फाटकापर्यंत तो मागून आला. तिथं थांबून त्यानं कुस्करलेलं फूल तिच्यापुढं धरलं, मग त्याची अवस्था बघून हात मागं घेतला. ते तिनं त्याच्या मुठीतून काढून घेतलं.

दिवाळी तोंडावर आली आहे. कारखान्याचा बॉयलर पेटला आहे आणि ट्रॅक्टरला नवे टायर बसले आहेत. मशीन एव्हाना वाळलं असणार. द्वारकाबाईंनी ते धुतलेल्या धोतराखाली झाकून ठेवलं आहे आणि त्या बाजूला कुणाला फिरकू देत नाहीत. अण्णांनी, म्हणजे बलभीमरावांनी, शेजाऱ्याला विचारलं की ईटला जायला भूमला गाडी बदलावी लागते का. कशासाठी जायचं आहे, ते सांगितलेलं नाही. आरोहीनं बार्शीबद्दल घरी अजून काही कळवलेलं नाही.

केबल तिच्या पर्समध्येच आहे. तसल्या केबली ढोकीच्या स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात दारावरच टांगलेल्या असतात. गाडीतून उतरली की आरोहीला त्या दिसतात. अमरसिंह तर रोज त्याच दुकानासमोरून जातो. काल संध्याकाळपर्यंत त्यानं तसली एकही केबल घेतलेली नव्हती.