खुनी डब्यातच राहिला!

"दातांचा दवाखाना! बोला, काय दुखतंय?"

"काही दुखत नाहीये हो! मला शेवटचं प्रकरण पाहिजे!" मामा फोनवर ओरडला.

"अहो काका, सकाळपासून हा तुमचा चौथा फोन! एकदाचे या आणि काय तो दात काढून घ्या!" आणि पलीकडून फोन खाडकन बंद झाला.

भोंगा वेताच्या भाऱ्यावर पडून पोट धरधरून हसत होता. हा मामाचा भाचा. त्याच्या कुजबुजण्यालाही शेजारची कुत्री भुंकायची, म्हणून हे नाव! त्याची मावसबहीण ठिणगी मात्र वैतागली होती. तेरा वर्षांच्या ठिणगीला जन्मापासून दिसत नव्हतं, पण फोनच्या बाबतीत ती अख्ख्या घराची गुरू होती. तिचा फोन पडद्यावरचं सगळं तिला वाचून दाखवायचा, तेही इतक्या सुसाट, की इतरांना वाटावं पत्र्यावर वाटाणे सांडताहेत!

"अरे मामा, बोट फिरवायचं, पाहिजे ते ऐकू आलं की दोनदा टकटक! इतकं सोपंय!"

"दोनदाच करतो गं! हा दगड ऐकतच नाही. आणि ऐकतो तेव्हा थेट दातवाल्याकडे नेतो!"

"हरकत आहे!" शेजारची अकरा वर्षांची वकीलबाई मध्ये पडली. वाद घातल्याशिवाय तिला जेवण जात नसे. तिने मामाचा हात उलटा करून पाहिला. "मामा निर्दोष आहेत! बोटांच्या टोकांना केवढे घट्टे आहेत, हात लावून बघ. त्यातून हात ओला! माणसाचं बोट लागलंय हे काचेला कळणार तरी कसं?"

ठिणगीने हात लावून पाहिला. खरंच, चपलेच्या तळव्यासारखी बोटं होती ती!

मामा वेताच्या खुर्च्या विणायचा. वेत पाण्यात भिजवायचा आणि ओला असतानाच चौकटीच्या भोकांतून ओढून जाळी विणायची. दहा वर्षांपूर्वी त्याची नजर गेली, पण हात थांबले नाहीत. कारण कानाशी पुस्तक असायचं! वाचनालयाने अंध वाचकांना पुस्तकं ऐकण्याची यंत्रं दिली होती. विटेएवढं यंत्र, त्यावर पाच ठसठशीत बटणं. दोन्ही हात वेतात अडकले की मामा कोपराने बटण दाबायचा. ठिणगी त्या यंत्राला 'डबा' म्हणायची.

चार दिवसांपूर्वी वाचनालयाची गाडी आली, डबा घेऊन गेली आणि त्याच्या जागी पुस्तकं ऐकायला फोन ठेवून गेली. तेही कधी? बंगल्यात सात पाहुणे, दिवाणखान्यात प्रेत, इन्स्पेक्टर दार लावून म्हणतो, "खुनी याच खोलीत आहे!"... आणि डबा गेला!

"खुनी डब्यातच राहिला!" मामा म्हणाला. त्याने हातातला वेत खाली टाकला. "चार दिवसांत एक खुर्ची धड झालेली नाही. कान रिकामे असले ना, की हात चालत नाहीत माझे."

आता भोंगाही हसायचा थांबला.

वकीलबाईने फोनसोबत आलेलं पत्र उचललं आणि मोठ्याने वाचलं. "'गेल्या वर्षभरात यंत्रांवर ऐकली गेलेली एकूण पुस्तके: एक. सबब सर्व यंत्रे शनिवारी दुपारी बारा वाजता भंगारात देण्यात येतील.'"

"एक?" मामा उडालाच. "मी एकट्याने साठ ऐकली असतील!"

"म्हणजे पत्र खोटं बोलतंय!" वकीलबाई खूश झाली. "थांबा, खाली अजून आहे. 'एका अंध विद्यार्थिनीनेही, फोन असताना डबे कशाला, असे मत दिले आहे.'"

वकीलबाईने पत्र खाली ठेवलं.

"ठिणगे," भोंगा त्याच्या मते हळूच म्हणाला, "यंत्राला डबा म्हणणाऱ्या अंध विद्यार्थिनी गावात किती आहेत गं?"

ठिणगीचे कान तापले. बक्षीस समारंभाला वाचनालयाचे साहेब आले होते. त्यांनी विचारलं आणि हिने ठोकून दिलं! टाळ्याही मिळाल्या होत्या.

"मी माझ्यापुरतं बोलले होते!" ती म्हणाली. मग तिने काठी उचलली. "शनिवार म्हणजे आजच की! आत्ता किती वाजले?"

"दहा वाजून वीस!"

"मग बघताय काय? चला!"

वाचनालय दोनच गल्ल्या पलीकडे होतं. तळघरातल्या बोळात खोक्यांवर खोकी रचली होती आणि त्यांत चाळीस यंत्रं गुपचूप पडली होती. आत कारकूनकाका संगणकात एकेक कार्ड घालत होते. एक कार्ड म्हणजे एक पुस्तक.

"काका, एकच पुस्तक ऐकलं हे ठरवलं कुणी?" वकीलबाईने तोफ डागली.

"मी नाही बाई, संगणकाने!" काका म्हणाले. "पुस्तक कुठवर ऐकलं त्याची खूण कार्डावर राहते. कार्ड परत आलं की मी फक्त आकडा टिपतो. हे बघ. शून्य! हे? शून्य! हेही शून्य! हौसेने मागवतात आणि न ऐकता परत धाडतात!"

"आणि ते एक?" ठिणगीने विचारलं.

"ते तुझ्या मामाचंच की! 'गांडुळाची जीवनगाथा.' बासष्ट टक्के! वर्षभरातला एकमेव वाचक!"

"मामा आणि गांडूळ?" तिघंही एकदम म्हणाली. खुनाशिवाय ज्याचं पान हलत नाही, तो मामा?

ठिणगीने तिथूनच मामाला फोन लावला. घंटी वाजली आणि बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा बंद! तिसऱ्यांदाही तेच.

"तो उचलायला जातोय आणि फोन कापला जातोय!" भोंगा ओरडला. "थांबा, मीच पळतो!"

"तू एकटा गेलास तर निरोपाचं भरीत करशील!" आणि तिघंही पळाली. ठिणगी भोंग्याचा दंड धरून, वकीलबाई पुढे, "बाजूला व्हा! तातडीचं काम!" असं ओरडत.

"गांडूळ?" मामाने कपाळाला हात लावला. "अरे, चुकून आलं होतं ते! ऐकता ऐकता झोप लागली आणि भलत्याच भोकात वेत ओवला. असा संतापलो, की अर्ध्यावरच काढून परत पाठवलं. मागेसुद्धा नेऊन ठेवलं नाही! लाज वाटली रे नंतर."

"मागे नेऊन म्हणजे?" ठिणगीने कान टवकारले.

"म्हणजे काय? पुस्तक संपलं की सुरुवातीला नेऊन ठेवायचं. पुढच्याने बटण दाबलं आणि एकदम खुनीच सापडला, तर शिव्या घालेल ना तो! कॅसेटच्या काळापासून चालत आलेली रीत आहे ही. सगळेच पाळतात."

ठिणगीने अशी किंकाळी फोडली, की भोंगासुद्धा दचकला! "सुरुवातीला नेलं की खूण शून्यावर! म्हणजे ज्यांनी पूर्ण ऐकलं ते सगळे शून्य, आणि ज्याला झोप लागली तो एकटा वाचक!"

"पण पुरावा?" वकीलबाई म्हणाली. "साहेब म्हणतील, मुलं गोष्टी रचताहेत."

ठिणगीने फोन काढला, त्या यंत्राची माहितीपुस्तिका शोधली आणि कानाशी धरली. वाटाणे सांडायला लागले! इतरांना एक अक्षर कळेना. अर्ध्या मिनिटात तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "चला परत! वाटेत सांगते!"

तिघं पोचली तेव्हा पावणेबारा झाले होते. हमाल पहिलं खोकं उचलत होता आणि साहेब शेजारी उभे होते. गोल, हसरे आणि प्रचंड घाईत.

"अरे, ही तर आपली बक्षीसवाली! फोनवाली हुशार मुलगी!"

"साहेब, मी चुकले," ठिणगी म्हणाली. पळून दम लागला होता, पण आवाज खणखणीत होता. "मला फोन पुरतो, कारण मी लहानपणापासून तोच वापरतेय. माझ्या मामाचे हात ओले असतात, बोटांना घट्टे आहेत. त्याला नाही पुरत. तुम्ही मला विचारलंत. त्याला विचारलंत का?"

"बाळ, पण आकडे सांगतात..."

"आकडे यंत्रांनाच विचारू या! भोंग्या, वकीलबाई, कडेचं गोल बटण दाबून धरा! मनात सात मोजा!"

तिघांनी खोक्यांत हात घातले. एक बटण, दुसरं, तिसरं... आणि बोळ बोलू लागला!

"वर्षभरातलं वादन, एक हजार दोनशे अकरा तास."

"वर्षभरातलं वादन, दोन हजार नव्वद तास."

"वर्षभरातलं वादन, तीन हजार..."

दहा यंत्रं, वीस यंत्रं! जणू पाढे म्हणणारा वर्ग भरला! हमालाच्या हातातल्या खोक्यानेही तोंड उघडलं, तसा तो "आई गं!" म्हणत ते खाली ठेवून भिंतीला चिकटला. कारकूनकाका धावत बाहेर आले. वरच्या मजल्यावरचे वाचक जिन्यात जमले.

"बंद करा! बंद करा!" साहेब कानांवर हात ठेवून ओरडले. "कळलं! ऐकलंय! पुष्कळ ऐकलंय! पण मग ते शून्य आलं कुठून?"

वकीलबाई याच क्षणाची वाट पाहत होती. तिने कमरेवर हात ठेवून गांडुळापासून कॅसेटपर्यंत सगळं सांगितलं. जिन्यातले लोक खो-खो हसायला लागले. साहेब आधी लाल झाले, मग कारकूनकाकांकडे वळले. काका चष्मा पुसत होते.

"वर्षभरात मी एकालाही विचारलं नाही," साहेब हळूच म्हणाले. "पोरांनो, तुम्ही आज माझे डोळे उघडलेत!"

"माझ्याकडून हे काम व्हावं म्हणजे कमालच झाली, साहेब!" ठिणगी म्हणाली. क्षणभर साहेबांना हसावं की नाही ते कळेना. मग ते इतके हसले, की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

तिथल्या तिथे हुकूम सुटला. सगळी यंत्रं ज्याची त्याला परत! फोन हवा त्याला फोन, आणि तो शिकवायला ठिणगी. आणि काकांनी वाचकांना पुस्तक मागे न्यायची रीत सोडायला सांगायचं नाही, आपली मोजणी बदलायची!

मामाचं यंत्र साहेब स्वतः घेऊन गेले. मामाच्या दारातच त्यांनी घसा खाकरला. "तुमची भाचरं, आणि ही छोटी वकीलबाई, म्हणजे हिरे आहेत हिरे! वाचनालयाच्या वतीने मी त्यांचं जाहीर..."

"शाब्बास रे पोरांनो!" मामाने ठिणगीला जवळ ओढलं आणि डोकं गदागदा हलवलं. मग डबा मांडीजवळ घेतला, वेत उचलला आणि कोपराने बटण दाबलं. "साहेब, राग मानू नका, पण बाकीचं भाषण नंतर. बसा!"

साहेब बसले.

"साहेब, ती खुर्ची नको! तिला अजून..." भोंगा बोंबलला.

धप्प! साहेब चौकटीतून आरपार! गुडघे हनुवटीला, पाय हवेत! तिघंही उचलायला धावली.

तेवढ्यात डब्यातून इन्स्पेक्टरचा आवाज आला. "दार कुणी उघडायचं नाही. आता नाव सांगतो."

"श्श!" चौकटीतूनच साहेबांनी बोट ओठांवर ठेवलं. "मला नंतर काढा. आधी ऐकू द्या!"