मागची गिटार

ही गोष्ट खरी आहे.

पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण जिच्यावर ही बेतली ती व्यक्ती माझा सख्खा मामा आहे, आणि थापा मारणं त्याच्या रक्तात नाही. आयुष्यात एकदाच मारली...

तीच अजून फेडतोय.

गाव ठाण्याचं कोपरी. साल एकोणीसशे चोपन्न. दिवस पिठोरी अमावस्येचा.

मामाचं नाव काळुराम. तेव्हा वय वीस. बाप मिठागरात राबणारा, आणि पोराला नाद कसला, तर गिटारचा! कोपरीतल्या म्हाताऱ्यांनी तोवर गिटार पाहिलीसुद्धा नव्हती. 'लाकडी भोपळा' म्हणायचे तिला.

जोडीला गुणाजी. आवडाबाईचा एकुलता एक. दोघं कळव्याच्या एका बँडमास्तरांकडे शिकायला जायचे. गणपतीच्या मेळ्यात दोन गिटारी वाजवायच्या होत्या, एक पुढची, एक मागची. मागची म्हणजे साथ, ठेक्यात कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, धरून राहायचं. पुढची म्हणजे एकट्याची सुरावट, सगळे गप्प बसून ऐकतात ती. मास्तर तिला 'लीड' म्हणायचे.

लीड काळुरामला हवी होती. खरं तर हात गुणाजीचा बसलेला. पण तो म्हणाला, "घे तू पुढची. मना मागंच बरं वाटतं."

नवशिक्याचं होतं तेच काळुरामचं व्हायचं. चार सूर झकास जायचे आणि पाचव्याला बोट भलत्याच तारेवर. मग घाबरून आणखी जोरात, आणखी चुकीचं. मास्तर कपाळाला हात लावायचे.

गुणाजी मात्र हसायचा.

"हरवलास का थांब. घाई नको करू. मी त्योच कॉर्ड धरून राहीन. तू ऐक... आन् परत ये. मी मागं हाय."

आणि तो खरंच थांबायचा. एकच कॉर्ड, पुन्हा पुन्हा, काळुरामला वाट सापडेपर्यंत.

पिठोरीच्या सकाळी तालीम झाली. त्या दिवशी पहिल्यांदा काळुरामची पाचवी जागा बरोबर लागली. पोरगा हवेत! कधी घरी पोचतो आणि पुन्हा वाजवतो, असं झालं त्याला.

अमावस्येचं उधाण. दुपारी भरती. मिठागरातल्या पोराला हे काय सांगायचं?

"पुलावरनं जाऊ," गुणाजी म्हणाला. "पानी चढतंय."

"बांधावरनं चल रं! एक चर उतरला का आलं घर."

गुणाजीने मान डोलावली. वर काळुरामची गिटारही त्याने आपल्याच खांद्यावर घेतली. काळुरामचे हात मोकळे हवे होते ना! तो छत्रीच्या दांड्यावर बोटं फिरवत, सूर गुणगुणत पुढे निघाला.

खाडीला जोडलेला तो चर उतरताना पाणी गुडघ्याला लागलं. काळुराम पार झाला. बांधावरून चालू लागला.

मागून हाक आली...

"काळ्या... थांब रं!"

ती त्याला ऐकू आली. स्वच्छ ऐकू आली.

पण पाचवी जागा जवळ आली होती. आता वळलो तर निसटेल, असं त्याला वाटलं. एवढं संपवतो, मग बघतो.

पुन्हा हाक आली.

मग... काहीच नाही.

सुरावट पुरी करून तो वळला. चर वळणाआड गेला होता. बांध होता. पाणी होतं. गुणाजी नव्हता.

परत कळव्याला गेला असेल, पुलावरून येईल. काळुरामने स्वतःची अशी समजूत घातली. घरी गेला. आईने वाढलं ते जेवला.

हे जेवण त्याला आजही आठवतं.

दिवेलागणीला मात्र त्याला राहवेना. सगळं सांगून टाकायचं ठरवून तो आवडाबाईच्या दारात गेला.

पिठोरीची रीत तुम्हाला ठाऊक असेल. पोरांना आयुष्य लाभावं म्हणून आई उपास करते. पूजा झाली की पाठमोरी बसते, वाणाचं ताट डोक्यावर धरते आणि विचारते, 'अतीत कोण?' म्हणजे दारी आलेला अतिथी कोण? मागून पोर म्हणतं 'मी', आणि ताट घेतं.

आवडाबाई पाठमोरी बसली होती. पावलं वाजली तशी तिने ताट उचललं.

"अतीत कोण?"

काळुराम पुढे झाला. सांगायचं होतं एक...

तोंडातून गेलं, "मी."

आणि त्याने ताट घेतलं.

आवडाबाई वळली. "तू व्हय! आन् गुणा कुठं रं?"

काळुराम म्हणाला, "मागं हाय."

रात्री, ओहोटीत, गुणाजी सापडला. त्याच चरात, पाय गाळात रुतलेले. दोन्ही गिटारी मात्र बांधावर होत्या. हात पोचेल तेवढ्या वर, नीट शेजारी शेजारी ठेवलेल्या... आणि कोरड्या.

"वारा होता. मना काय ऐकू नाय आलं," काळुरामने सगळ्यांना सांगितलं.

सगळ्यांनी मानलं. आवडाबाईने तर त्यालाच कुशीत घेऊन रडून घेतलं. त्या वेळी जमिनीने पोटात घ्यावं असं त्याला झालं.

त्या वर्षी मेळा झाला नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी काळुराम मिठागराच्या खोपीत गिटार घेऊन बसला. लख्ख ऊन. आसपास चिटपाखरू नाही.

चार सूर गेले. पाचव्याला बोट चुकलं.

तो थांबला.

आणि मागून...

कॉर्ड.

ठेक्यात. हळू. पुन्हा तोच.

त्याने वळून पाहिलं. मागे कुडाची भिंत. गुणाजीची गिटार तर गावाच्या दुसऱ्या टोकाला, आवडाबाईच्या घरात खुंटीला टांगलेली!

कॉर्ड वाजतच राहिला. त्यात राग नव्हता. घाई नव्हती. तो नुसता थांबला होता, काळुराम परत येईपर्यंत.

राग असता तर काळुरामने सोसला असता. ही माया त्याला सोसवेना. गिटार टाकून तो पळाला.

त्यानंतर जेव्हा जेव्हा त्याने लीड धरली, तेव्हा तेव्हा हेच. पाचवी जागा चुकायची... आणि मागे कुणीतरी थांबायचं.

वर्ष फिरून आलं. पुन्हा पिठोरी.

आवडाबाईने निरोप धाडला. 'वाण घ्यायला आता तूच ये. मना दुसरं कोन हाय?'

काय तोंडाने जाणार? पण न जाऊन तरी काय करणार? गेला.

तीच खोली. पिठाचे दिवे लावलेले. आवडाबाई पाठमोरी. काळुराम तिच्या मागे उभा, आणि त्याच्या मागे खुंटीवर गुणाजीची गिटार.

"अतीत कोण?"

काळुरामने तोंड उघडलं...

आवाज फुटायच्या आत मागे तार थरथरली.

कॉर्ड. एकदाच.

आणि त्याच्या मानेजवळून कुणीतरी म्हणालं,

"मी."

लगोलग काळुरामच्या तोंडूनही निघालं, "मी."

आवडाबाई वळली नाही. ताट तसंच डोक्यावर.

"काळ्या... दोन आवाज आलं रं."

काळुरामने खुंटीकडे वळून पाहिलं.

"पयला कुनाचा? तुला ऐकू आला?"

"आला."

"माझ्या गुणाचाच ना?"

"व्हय मावशी. त्याचाच."

तिने डोक्यावरचं ताट सावरलं. मग अगदी हळू म्हणाली,

"एवढा बारीक आवाज तुला ऐकू आला. मंग त्या दिशी चरातनं वरडला... तवा नाय आला?"

वारा होता, असं म्हणायला काळुरामने ओठ उघडले. पण ती थाप दुसऱ्यांदा मारवेना. त्याने तिच्या मागे जमिनीवर कपाळ टेकवलं.

आवडाबाईला उत्तर मिळालं.

तिने त्याला घालवून दिलं नाही. शिवी दिली नाही. ताट खाली घेतलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.

"खा. दोघांचं खा."

त्याने ताटातली खीर तोंडात घातली. खारट होती. खाडीच्या पाण्यासारखी खारट. आवडाबाईने तीच खीर चाखली, तर गोड.

हे कसं झालं, मला ठाऊक नाही. मामालाही नाही.

त्याने लीड पुन्हा कधी धरली नाही. नंतर मेळ्यात वाजवली ती साथ, तीही कोपऱ्यात, पाठ भिंतीला टेकवून. ऐकणारे म्हणायचे, काळुराम एकटा वाजवतो पण दोघांसारखं वाटतं. तेवढं ऐकलं की तो उठून जायचा.

त्याच्यासोबत कुठे चालायचं तर तो पुढे कधीच होत नाही. म्हणतो, "तू हो पुढं." आणि दर चार पावलांवर थांबून मागे बघतो.

एकदा मी विचारलंच. "मामा, कोण आहे मागे?"

"कोन नाय."

"मग बघतोस कशाला?"

तो रिकाम्या वाटेकडे बघत राहिला. म्हणाला,

"हाक येती रं. अजून येती. आता वळतंव मी... पन आता तिथं कोन नसतं."

मला हाक ऐकू आली नव्हती. निदान मी तसं त्याला सांगितलं.