सैल शिवा, म्हणाले

तीन नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी धुकं होतं, शाळा भरायच्या सुमारास निवळलं. नंतर दिवसभर पान हलेल इतकाही वारा नव्हता.

शिंपीकाम करणारे मास्तर अस्तराचं कापड आणायला आपल्या दुकानातून निघाले होते. कोपऱ्यावर पोचतात तोच समोरून शाळेचा शिपाई येताना दिसला. त्याच्या खांद्यावर मास्तरांची सात वर्षांची लेक होती, ठकी. हजेरी चालू असताना उभ्या उभ्या कोसळली होती.

"झोपत नाही का हो ही?" शिपायाने विचारलं.

मास्तर काय सांगणार? झोपत नव्हतीच. डोळा लागला की स्वप्नात 'तो' यायचा. एका लांबलचक बोळात उभा. पाठमोरा, काळा, आणि दर खेपेला थोडा अलीकडे. औषध झालं, दिवा जळता ठेवून झाला, आत्या कुशीत घेऊन निजली, तेही झालं. आता पोर डोळे मिटायलाच तयार नव्हती. जागं राहायला स्वतःला चिमटे काढून दंड निळे केले होते. असंच चाललं तर इस्पितळात ठेवावं लागेल, असं डॉक्टर कालच म्हणाले होते.

मास्तरांनी तिला दुकानाच्या मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवलं. तिथे त्यांची बहीण काज-बटण करत बसली होती.

"बाबा, झोपवू नका ना मला. आज तो अगदी जवळ येणार."

"किती जवळ?"

"हात पुढे केला तर लागेल... इतका."

मास्तर गळ्यातल्या टेपशी चाळा करत राहिले. मग एकाएकी म्हणाले, "हात्तिच्या! म्हणजे गिऱ्हाईक असणार ते."

"दादा, काहीतरीच तुझं," आत्या म्हणाली.

"अगं, बघ की. रोज येतं, दारात घुटमळतं, बोलत काही नाही. अंगावर कपडा नसेल बिचाऱ्याच्या. म्हणून तर पाठ करून उभं राहतं. लाजतंय!"

ठकी फिसकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली. ते पाहिल्यावर आत्याने हातातली सुई खाली ठेवली, काळं अस्तर डोक्यावरून ओढून घेतलं आणि पाठमोरी उभी राहिली. "घ्या माप, शिंपीणबाई," ती आतून घोगऱ्या आवाजात म्हणाली.

मग त्या खोलीत शिकवणी सुरू झाली. टेप कशी धरायची, खांदा कुठे संपतो, बाही कुठवर मोजायची. "हात सैल सोडा," ठकी बजावू लागली. "हलू नका! श्वास धरून ठेवायचा नाही."

"गुदगुल्या होतात गं कार्टे!" अस्तर ओरडलं.

"आणि शेवटी काय विचारायचं?" मास्तरांनी विचारलं.

"अंगासरशी, की सैल?"

टेप मुठीत घेऊनच ती निजली. मास्तरांनी मशीन थांबवलं. इस्त्रीखालच्या ओलसर लोकरीचा वास खोलीत भरून राहिला होता. बऱ्याच वेळाने ठकीची बोटं टेपवरून सरकू लागली. सावकाश, इंचाइंचाने.

"जरा वाका..." ती झोपेत पुटपुटली. "माझा हात पुरत नाही."

दांडीवर टांगलेले सगळे कपडे किंचित एका बाजूला सरकले. कुणी अवघडून त्यांच्यामधून वाकावं, तसे. वारा नव्हता. भाऊ-बहीण एकमेकांकडे बघत राहिले.

ठकी जागी झाली ती किंचाळत नाही. तिला घाई होती, मापं विसरायच्या आत सांगायची.

"बाहीला टेप संपली, मग मी परत लावली. डावा हात उजव्याहून वीतभर लांब आहे. आणि बाबा, छातीचं माप लागतच नाही. टेप आवळली की आत जाते... नुसती आतच जाते."

"मग?"

"मी विचारलं, अंगासरशी की सैल? सैल शिवा, म्हणाले."

तोवर 'तो' असलेला आता 'ते' झाला होता. आत्याच्या ते लगेच ध्यानात आलं.

मास्तरांनी गठ्ठ्यातलं सगळ्यात मऊ काळं कापड काढलं. खेळ असला तरी अर्धामुर्धा करून चालणार नव्हता. ठकीची नजर कात्रीवर होती. पण हात सवयीचा. माणूस वाकडातिकडा असला तरी कोट सरळच कापायचा, ही मास्तरांची जन्माची खोड. शिवाय पोर मोजताना चुकली असेल. त्यांनी दोन्ही बाह्या सारख्या कापल्या, कच्चे टाके घातले आणि कोट हँगरला लावून वरच्या खिळ्याला टांगला.

दुसऱ्या दुपारी ठकी आपणहून निजली. भाऊ-बहीण कोटाकडे तोंड करून बसले. जागचे हलले नाहीत.

जाग आल्या आल्या ती रागावली. "डावी आखूड झाली. मी सांगितलं होतं ना?"

मास्तर स्टुलावर चढले. डाव्या बाहीची दुमड उसवलेली होती. एकही धागा तुटला नव्हता. उसवलेला दोरा नीट गुंडाळून, त्याची इवलीशी वेटोळी बाहीच्या टोकाला टाचणीने टोचून ठेवली होती. खिळ्यापर्यंत आत्याचा हात पोचत नव्हता, ठकीचा तर नाहीच.

"दादा, खाली उतर," आत्या कुजबुजली. "हात नको लावूस..."

लेक बघत होती. मास्तरांनी कोटासमोर मान झुकवली.

"माफ करा. चूक माझी," ते हलकेच म्हणाले. "जोड देतो. उद्या नक्की."

रात्रभर त्यांनी काम केलं. डाव्या बाहीला वीतभर जोड दिला, शिवण दिसणार नाही असा. तिसऱ्या दुपारी ठकी निजली आणि भाऊ-बहिणीची नजर क्षणभर तिच्या चेहऱ्यावर गेली, कारण ती झोपेत हसत होती. नजर वर गेली तेव्हा हँगर रिकामा होता आणि झुलत होता. दाराची कडी आतून लागलेली होती.

ठकी उठली ती भूक भूक करत.

"आवडला का?" मास्तरांनी विचारलं.

"हो. घातला आणि वळले."

"वळले? चेहरा... पाहिलास?"

"पाहिला की."

"कसा होता गं?"

ठकी विचारात पडली. तिने दोन्ही हात पसरले, ते पुरेनात, म्हणून खाली घेतले. "खूप लांबपर्यंत होता," ती म्हणाली. "मला भीती नाही वाटली. बघतच बसावंसं वाटलं."

आत्याने पदराने डोळे पुसले. मास्तर खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर ऊन होतं, माणसं ये-जा करत होती, आणि ते ऊन, ती माणसं त्यांना कुणाच्या तरी विशाल पापणीखाली चालल्यासारखी वाटली.

"बाबा, कापड आहे ना अजून?" ठकीने मागून विचारलं. "बाकीचेही आलेत. बोळ भरलाय. आपले कोटवाले सगळ्यांना रांगेत उभं करतात."

शुक्रवारी दुपारी ठकी सलग पाच वाजेपर्यंत झोपली. तिने तीन मापं घेतली आणि उरलेल्यांना उद्या यायला सांगितलं. ते गेले नाहीत, आपल्या दुकानाच्या पायरीवर बसलेत, असं तिने उठल्यावर सांगितलं. मास्तरांनी त्या संध्याकाळी दुकानाचं दार लावलं नाही.