आधी हसणारी

लग्नाला दीड महिना झाला होता. नवरा सिनेमांचं एडिटिंग घराच्या मागच्या खोलीत करायचा. दुपारचा चहा नेऊन देण्याच्या निमित्ताने मी त्या खोलीला आणि त्यालाही थोडं थोडं ओळखू लागले होते. ओढलेले पडदे, तापलेल्या यंत्रांचा वास, आणि स्क्रीनवर सदान्‌कदा तेच चार म्हातारे.

सिनेमा विनोदी होता. भांडून फुटलेला रॉक बँड वीस वर्षांनी पुन्हा एकत्र येतो. शेवटी भरल्या सभागृहात ड्रमर ऐटीत बसायला जातो आणि त्याचं स्टूल मोडतं. संपला सिनेमा. पण बघणारं कुणी त्यावर हसतच नव्हतं. नवऱ्याचं हे पहिलं स्वतंत्र काम. संध्याकाळपर्यंत शेवट जमला नाही तर ते दुसऱ्याकडे जाणार होतं.

"तू बघ जरा. पण उगाच माझं मन राखायला हसू नकोस."

"मन राखायला मी तुझ्या हातची भाजी खाते. तेवढं पुरे."

मी बघितलं. "ही बाई छान हसते रे."

"कुठली बाई?"

शूटिंगच्या वेळी गर्दीतल्या माणसांना आवाज न करता हसायला सांगतात. नुसती तोंडं उघडायची. हशा मागाहून घालतात. त्याने तो अजून घातलाच नव्हता.

त्याने आवाज वाढवला. स्टूल मोडायच्या क्षणभर आधी... बारीक, दाबलेलं हसू.

त्या प्रसंगाचे सात टेक होते. सहांत ती हसली, दर वेळी क्षणभर आधी. पाचव्यात स्टूल मोडलंच नाही. त्यात ती हसली नव्हती.

नवऱ्याने आवाज रेकॉर्ड करणाऱ्या मित्राला फोन लावून विचारलं. मित्र उखडला. "वेडा आहेस का? कुणी खोकलं तरी टेक थांबवतो मी. म्हणे बाई!"

मग त्याने एकेक माईक सुटा करून ऐकला. हसू फक्त ड्रमरच्या कॉलरच्या माईकवर होतं. म्हणजे ती त्याच्या मानेपासून वीतभर अंतरावर असणार. स्क्रीनवर तिथे कुणी नव्हतं.

"पुसून टाकू?" तो हळूच म्हणाला.

"नको. कुठे हसायचं ते तिला कळतं. तुमच्यात कुणालाच कळत नाहीये."

हसू ठेवलं. पाचच्या सुमाराला सिनेमा पाठवला. अर्ध्या तासात निर्मात्याचा फोन. "जमला लेका शेवट! ती बाई हसते ना, तिथेच फुटतो माणूस!"

नवऱ्याने सगळी यंत्रं बंद केली, भिंतीवरचं बटणसुद्धा. खोली एकदम गप्प झाली.

"चल, आईला सांगू," म्हणत त्याने दाराच्या कडीकडे हात नेला.

ती हसली. बारीक, दाबलेलं. अगदी माझ्या कानापाशी.

त्याचा हात हवेतच राहिला. "तू...?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

आम्ही दोघंही जागचे हललो नाही. अजून काहीच झालेलं नव्हतं.