खुंटीखाली गेलेला काटा

ही घटना खरी आहे. मी पदार्थविज्ञान शिकलो आहे आणि मोजमापाची उपकरणे तपासणे हा माझा व्यवसाय आहे. जे मोजता येत नाही, त्याची साक्ष मी सहसा देत नाही. ही देतो आहे, कारण ती टाळता येत नाही.

रात्र नव्हती. शुक्रवारची दुपार होती, नमाज आटोपलेली. अलेक्झांड्रियात, अत्तारीन भागातल्या वडिलांच्या दुकानात आम्ही दोघेच होतो. वडील जुन्या गाड्यांचे स्पीडोमीटर दुरुस्त करतात; लोक त्यांना उस्ता शहाता म्हणतात, उस्ता म्हणजे उस्ताद कारागीर. बाहेर खमासीनचा, वाळवंटातून धूळ आणणारा पिवळा वारा घोंघावत होता, म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या.

दार वाजले...

लुत्फी आत आला.

लुत्फी माझ्या दिवंगत बहिणीचा, इनासचा नवरा. वाळवंटाच्या रस्त्यावर एका वळणाला गाडी उलटली. ती गेली, तो वाचला. "काटा साठवर होता," असे तो त्या दिवसापासून सांगत आला. वडिलांनी त्याला खोटारडा ठरवले आणि शोकाच्या मंडपातून सर्वांदेखत हाकलून दिले.

त्याने त्याच गाडीचा स्पीडोमीटर टेबलावर ठेवला.

"उघडा, उस्ता शहाता. मीटर बरोबर निघाला तर मी खोटारडा. तुमच्या तोंडून शेवटचं ऐकतो आणि जातो."

"त्यात उघडायचं काय? तुमच्या लग्नाआधी मीच तो नीट केलाय." वडिलांनी माझ्याकडे बोट केले. "बरं, हे साहेब आहेतच साक्षीला. यांचा बापाच्या शब्दावरही विश्वास नाही, मोजून घेतात."

काच निघाली. चाकांची फिरत मीटरपर्यंत आणणारी केबल जोडलेली नव्हती. मागचे भोक रिकामे होते.

इथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. स्पीडोमीटरचा काटा शून्याजवळच्या बारीक खुंटीला टेकलेला असतो. आतली स्प्रिंग त्याला तिथे दाबून धरते. काटा उपसण्याआधी तो अलगद उचलून खुंटीपलीकडे सोडायचा. तो जरासा खाली जाऊन थांबतो. तिथे खूण करायची आणि परत बसवताना त्याच खुणेवर बसवायचा. खूण चुकली, तर मीटर प्रत्येक वेगाला खोटे बोलतो.

वडिलांनी काटा उचलून सोडला.

तो जरासाच खाली जायला हवा होता.

तो गेला... गेला... पार तळाशी जाऊन थांबला.

मी मनात हिशेब केला. तीसचा फरक. काटा साठ दाखवत होता, तेव्हा गाडी नव्वदने धावत होती.

लुत्फीला यातले काही कळले नाही. तो आपल्याच नादात बोलत होता.

"गाडी सुटली तरी हा बराच वेळ जागचा हलायचा नाही. इनास हसायची. म्हणायची, बाबांच्या हातचा ना, त्यांच्यासारखाच उशिरा उठतो."

वडिलांचे हात थांबले. लग्नाच्या घाईत तबकडी रंगवताना त्यांनी खूण न करताच काटा उपसला असणार. त्यांना ते आत्ता आठवले, हे मला दिसले.

त्यांनी दोन चमचे तरफेसारखे काट्याखाली सरकवले, काटा उपसला, योग्य जागी बसवला आणि खुंटीवर टेकवला.

पुरावा संपला.

"मीटर बरोबर आहे," ते म्हणाले. "खोटारडा तूच."

"बाबा..."

"तू मध्ये बोलू नकोस!"

लुत्फीने मान खाली घातली.

आणि बाहेरच्या वाऱ्याचा आवाज एकाएकी नाहीसा झाला...

टिक... टिक... टिक...

कोरडी पडलेली केबल फिरताना असा आवाज करते. केबल नव्हती.

काटा हलला.

वीस... चाळीस... साठ...

नव्वद.

आमच्यापैकी कोणाचाही हात टेबलावर नव्हता.

मग काटा कोसळला. खुंटीवर थांबला नाही. तिच्या पलीकडे, पार तळाशी, जुन्याच जागी जाऊन लोंबू लागला.

वडिलांनी तो पुन्हा उपसला. पुन्हा बसवला, घट्ट दाबून.

टिक... टिक...

पुन्हा तळ.

वडिलांनी चमचे खाली ठेवले.

"बस कर गं, पोरी," ते म्हणाले. कोणाकडेही न बघता. "सांगतो. लुत्फी, तुला साठच दिसत होते. गाडी नव्वदला होती. काटा मी चुकीचा बसवला होता."

टिकटिक थांबली. वारा पुन्हा ऐकू येऊ लागला.

लुत्फी दाराकडे वळला.

"तुम्ही खोटारडा म्हणत राहिलात, उस्ता. म्हणतच राहिलात. अलीकडे मलाही नव्वदच आठवायला लागले होते. तिच्या कबरीपाशी जाऊन मी गुन्हा कबूलसुद्धा करून आलो."

मीटर तिथेच टाकून तो निघून गेला.

मी नंतर सर्व काही तपासले. जवळपास चुंबक नव्हते. स्प्रिंग शाबूत होती. खुंटी सरळ होती, तिच्यावर ओरखडा नव्हता. खुंटी ओलांडायची, तर काटा कोणीतरी उचलावा लागतो. घट्ट दाबलेला काटा आपल्या दांड्यावर आपोआप फिरत नाही. या दोन अशक्य गोष्टी मला आजही जुळवता येत नाहीत, आणि आता मी एकटा असताना उघडा मीटर टेबलावर ठेवत नाही.

पुढच्या आठवड्यात वडिलांना घेऊन मी लुत्फीच्या घरी गेलो. त्यांना माफी मागायची होती. त्यांनी दार वाजवले.

आतून लुत्फीचाच आवाज आला, "लुत्फी घरी नाही."

वडिलांनी ते खरे मानले आणि जिना उतरू लागले.