चेहऱ्यात भरलेलं नाव

ही घटना खरी आहे. उषामावशी खोटं बोलत नाही. तिच्या घरात ते खातं तिच्या नवऱ्याकडे, दिगंबरकाकांकडे होतं.

जानेवारी १९९६. रविवार, दुपारचे साडेतीन. बुऱ्हाणपूर, सिंधीपुऱ्यातल्या एका शाळेचा हॉल. देश नुकताच जगाशी जोडला जात होता, म्हणून आमच्याकडेही एक फिरतं विज्ञान संग्रहालय आलं होतं. त्यात एक कॉम्प्युटर. समोर बसायचं, नाव सांगायचं. तुमच्याच नावाची अक्षरं दाट-विरळ भरून तो तुमचा चेहरा छापायचा.

फुकट. म्हणून रांगेत काका सगळ्यात पुढे, मावशीला घेऊन.

"बसा मावशी, हिलू नका," कॉम्प्युटरवरचा लीलाधर म्हणाला.

पडद्यावर 'उषा' उमटलं. तिने स्वतः पाहिलं.

कर्र… कर्र… कागद बाहेर आला.

लांबून मावशीच. तेच नाक, तोच हनुवटीवरचा तीळ.

जवळून… कमल. कमल. कमल.

"अहो, ही कमल कोण?"

"मले काय माहीत? मशीनला विचार."

"आधीच्या कुणाचं नाव अटकलं असेल," लीलाधर म्हणाला. पण त्या दिवशी आधी कुणी बसलंच नव्हतं. त्याने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं.

कर्र…

पुन्हा कमल. या वेळी डोक्यावर पदर होता.

मावशीचा पदर खांद्यावर होता.

"आता तुम्ही बसा, साहेब."

"चल घरी," काका म्हणाले.

फुकटची गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सोडली. मावशीचा संशय तिथेच पक्का झाला. लग्नाआधी तिने एकच विचारलं होतं, तुमचं आधी लग्न झालेलं नाही ना? काका 'नाही' म्हणाले होते.

घरी येताच तिने फळीवरचं जुनं पितळी पातेलं बाहेरच्या खोलीत आणलं. काठावर खरवडलेली जागा. ती नवी नवरी असताना सासू म्हणाली होती, 'भांडेवाल्यानं चुकीचं नाव घातलं, म्हणून घासून काढलं.'

"कुणाचं नाव घातलं होतं हो त्यानं?"

काकांनी पातेलं पालथं घातलं.

"कमलचं ना? तुमच्या पहिल्या बायकोचं?"

काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"हळू बोल."

घरात दोघंच होती.

आणि आतून आवाज आला… कर्र… कर्र…

मावशी आत गेली. भांडी जागच्या जागी. फक्त दिवाळीला घेतलेला तांब्या… त्यावर 'सौ. उषा' घातलं होतं. ती जागा गुळगुळीत.

हात लावला… गरम.

काका पुढे काही न सांगताच वारले. मावशी त्याच घरात राहते.

हे सगळं तिने मला सांगितलं. पण फार हळू आवाजात.