रिकाम्या काट्यावर पंचावन्न किलो

कॉम्प्युटर स्लो चालतो असं सांगणाऱ्या माणसावर मी लगेच विश्वास ठेवत नाही. दहापैकी आठ जणांचा कॉम्प्युटर ठीक असतो, घाई त्यांनाच असते. पण सुरेखाचा फोन आला तेव्हा तिच्यामागे ट्रॅक्टरचे हॉर्न वाजत होते आणि कुणीतरी तिला आयमाईवरून बोलत होतं. मी दौंडचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बंद केलं आणि गाडीला किक मारली.

सुरेखा माझी मावसबहीण. इनामगावच्या अलीकडे एक खासगी वजनकाटा आहे, तिथे ती ऑपरेटर आहे. ऊस कारखान्यावर नेण्याआधी शेतकरी इथे ट्रॅक्टर तोलून घेतात, म्हणजे पुढे कुणी काटा मारलाच तर भांडायला हातात स्लिप असते. तिच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली, डोळ्यांनीही अधू. त्यामुळे शिक्रापूरच्या कंपनीत जाऊन बारा तासांची शिफ्ट करणं तिला जमणारं नव्हतं. दुपारी घरी जाऊन म्हातारीला दोन घास भरवून परत येता येईल अशी पंचक्रोशीत ही एकच नोकरी होती, आणि ती जायच्या बेतात होती.

मालक पृथ्वीराज केबिनच्या दारातच उभा होता. मी नमस्कार केला, त्याने तो घेतला नाही.

"तुझ्या बहिनीनं माझं नाव पार मातीत घातलंय," म्हणत त्याने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

व्हिडिओत रिकामा काटा होता. वर साधं कुत्रंही नव्हतं. केबिनबाहेरच्या बोर्डावर मात्र लाल आकडे लागले होते : ५५. पाठीमागून कुणीतरी ओरडत होतं, "बघा शेतकरी बांधवांनो, कसा काटा मारत्यात ते!"

"साऱ्या तालुक्यात फिरतोय ह्यो व्हिडिओ. उद्या अकराला वजनमापंवाले साहेब येणार हायेत. तवर बोर्डावर शून्य दिसला न्हाई तर हिला घरी बसवणार, आन् पोलिसात बी देणार. हिचं कुणासंगं तरी सेटिंग हाय."

"माझं कुणासंगं काय न्हाई," सुरेखा म्हणाली. ती रडत नव्हती. तिचं रडून झालं होतं.

माझं डोकं सणकलं. रांगेतल्या ट्रॅक्टरवरून पाच-सहा जण खाली उतरून माझ्याकडे असे बघत होते, की जणू चोरी मीच केलीय. "आधी मशीन बघू द्या," मी म्हणालो, "मग पोलिसांचं बघू."

मशीन एकच होतं, पण आत दोन सिस्टिम. एक जुनं विंडोज, त्यात वजनाचा प्रोग्रॅम चाले. दुसरं लिनक्स. ते वरवंडच्या म्हाळू नावाच्या आधीच्या टेक्निशियनने काटा तपासण्यासाठी टाकलं होतं. मशीन चालू केलं की कुठल्या सिस्टिममध्ये जायचं ते स्क्रीन विचारी, आणि दहा सेकंदांत कुणी बटण दाबलं नाही तर लिनक्समध्ये जाई. तिथेही तोच वजनाचा आकडा बाहेरच्या बोर्डावर लागे. व्हिडिओच्या दिवशी लाईट जाऊन आली तेव्हा सुरेखा बाहेर होती. विंडोजमध्ये रिकामा काटा शून्य दाखवत होता. लिनक्समध्ये पंचावन्न. सेटिंगबिटिंग काही नव्हतं. मी हे पृथ्वीराजला समजावून सांगितलं.

"मग खरं कोण बोलतंय?" त्याने विचारलं. मूर्खासारखा प्रश्न नव्हता.

मी आधी विंडोज धरलं. एक स्लिप निघायला चार मिनिटं लागत होती, हॉर्न त्याचेच होते. प्रोसेसर सत्त्याण्णव टक्के भरलेला होता. खाणारा एकच होता, काट्याचा ड्रायव्हर, म्हणजे काट्याकडून आकडा आणणारा छोटा प्रोग्रॅम, आणि तो कंपनीचा नव्हता. म्हाळूने स्वतः लिहिलेला होता.

काट्याच्या पत्र्याखाली वजन मोजणारे सहा सेल असतात. शहाणा ड्रायव्हर त्यांना सेकंदाला दहा-वीस वेळा विचारतो, बाबा रे, किती भार आहे. हा ड्रायव्हर सेकंदाला हजार वेळा विचारत होता. एका सेलवरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर, क्षणभरही नजर न काढता. रिकाम्या काट्यावर मिळालेला भार तो विंडोजमध्ये वजा करून बोर्डावर शून्य दाखवत होता, लिनक्समध्ये मात्र तसाच दाखवत होता. असा भिकार ड्रायव्हर मी आजवर पाहिला नव्हता. म्हाळूला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि ड्रायव्हर दोन्हीकडून काढून टाकला. कंपनीचा साधा ड्रायव्हर बसवला.

बॅकअप घेतला नाही. जे मी गिऱ्हाइकांना ओरडून ओरडून शिकवतो तेच मी केलं नाही. बाहेर हॉर्न वाजत होते आणि मला पृथ्वीराजचं तोंड बंद करायचं होतं.

मशीन सुसाट पळायला लागलं. स्लिप तीन सेकंदांत बाहेर. अर्ध्या तासात सगळी रांग संपली, ट्रॅक्टर गेले. काटा रिकामा झाला आणि बोर्डावर आकडे लागले. आता विंडोजमध्येही पंचावन्नच.

मी काट्याखालच्या खड्ड्यात उतरलो. चिखल, दगड, अडकलेलं उसाचं कांडं, असं काहीतरी असणारच. खड्डा कोरडा होता. सेलच्या भोवती बोटं फिरवली, वायरी हलवून बघितल्या. डोक्यावरच्या पत्र्यातून मात्र गारवा येत होता. फेब्रुवारीतली दुपार होती, बाहेर पत्र्यावर हात ठेववत नव्हता. मी पत्र्याला हात लावून बघितला आणि लगेच काढून घेतला.

वर येऊन लिनक्स चालू केलं, कारण तिथे सहाही सेल वेगवेगळे दिसत. एक आणि दोन रस्त्याकडच्या टोकाला, तीन आणि चार मध्ये, पाच आणि सहा आमच्या केबिनजवळ. पहिल्यावर तीस, दुसऱ्यावर पंचवीस, बाकी शून्य. खराब सेल असा शेजाऱ्याशी भार वाटून घेत नाही. रस्त्याकडच्या टोकाला, मधोमध, थोडं डाव्या अंगाला, काहीतरी होतं. मी खिडकीतून बघितलं. उसाचं थोडं पाचट पडलं होतं, दुसरं काही नाही.

"पाचट झाडून घे सगळं," मी सुरेखाला म्हणालो. पंचावन्न किलो पाचट कसं असेल ते मलाही कळत होतं. पण काहीतरी करायला हवं होतं.

ती खराटा घेऊन केबिनच्या बाजूने काट्यावर चढली. पाचवर आणि सहावर तिचा भार उमटला. वीस-पंचवीस, तीस-पंधरा, दहा-पस्तीस. चालणाऱ्या माणसाचा भार असाच या पायावरून त्या पायावर उडी मारतो. खराट्याचा खरखर आवाज येत होता.

मग तीनवर पाच किलो आले.

मी खुर्ची पुढे ओढली. एकवरचे तीस उतरून वीस झाले. दोनवरचे पंचवीस, पंधरा. तीनवर दहा, चारवर दहा.

हा भार उडी मारत नव्हता. पाय टाकतच नव्हता. सरकत होता. थोडा सरके, थांबे, पुन्हा थोडा सरके. जमिनीवरून पोटाने ओढत यावं तसा.

एक आणि दोन शून्यावर आले. तीनवर पंचवीस. चारवर तीस.

सुरेखा पाठमोरी होती. वाकून झाडत होती.

पाच आणि सहावर तिच्यापेक्षा जास्त भार दिसायला लागला.

"सुरेखा, खाली उतर!"

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "का वो दादा? राहिलंय अजून."

"उतर म्हणतो ना!"

माझा आवाज ऐकून ती दचकली आणि खराटा तिथेच टाकून तिने खाली उडी मारली. पाच आणि सहावर आता फक्त पंचावन्न. केबिनच्या अगदी कडेला.

ती आत आली, माझ्या मागे दारात उभी राहिली. मी स्क्रीनवरून डोळे काढले नाहीत.

पन्नास. पस्तीस. दहा.

सहाही सेल शून्य.

बाहेर पृथ्वीराजने टाळी वाजवली. "आला! शून्य आला! गड्या, मानलं तुला!" तो मोबाईल काढून बोर्डाचा व्हिडिओ करायला लागला.

मी म्हाळूला फोन लावला. नंबर सुरेखाकडे होता. त्याने तिसऱ्या खेपेला उचलला. मागे हायवेवरच्या गाड्या ऐकू येत होत्या.

"तुमचा ड्रायव्हर काढला मी," मी म्हणालो. "मशीन पार बसवलं होतं त्यानं."

"काढला? आन् आकडा काय दावतोय?"

"शून्य."

मागच्या गाड्यांचा आवाज कमी झाला, तो कुठेतरी आडोशाला गेला.

"मंग आता कुठं हाय ते?" त्याने विचारलं.

"काय कुठं आहे?"

त्याने फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

सुरेखाची फिरती खुर्ची टेबलाच्या त्या बाजूला रिकामी होती. तिच्यातून हवा सुटल्याचा बारीक आवाज आला आणि बैठक चार बोटं खाली गेली. जुन्या खुर्च्यांचा गॅस जातो, मला माहीत आहे. सुरेखाचं तिकडे लक्ष नव्हतं, ती पहिल्यांदाच हसत होती. मी तिला काही सांगितलं नाही. मला भीती वाटली होती आणि ऊन आहे तोवर मला तिथून निघायचं होतं. ती चहाला थांबा म्हणत होती, मी थांबलो नाही. ही गोष्ट मी अजून बायकोलाही सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, मापाची वजनं ठेवून काटा तपासला, शिक्का मारून गेले. पृथ्वीराजने चारचौघांत सुरेखाची माफी मागितली, असं तिनेच फोनवर सांगितलं. नोकरी राहिली.

पंधरा दिवसांनी भर दुपारी तिचा पुन्हा फोन आला.

"दादा, ते जुनं ड्रायव्हर परत टाकता येतंय का वो?"

"का? काटा चुकतोय?"

"न्हाई. काटा एकदम बरोबर हाय."

"मग?"

तिने उत्तराऐवजी पुन्हा तेच विचारलं. तो ड्रायव्हर आता कुठेच नव्हता, मीच पुसून टाकला होता. मी म्हणालो, "सुरेखा, ऐक. सोड ती नोकरी. खड्ड्यात गेली ती. सासूला घेऊन दौंडला ये, इथं काहीतरी बघू. उद्यापासून त्या केबिनमध्ये पाऊल टाकू नको."

"काल गेलेच नव्हते कामाला," ती हळू आवाजात म्हणाली. "सुट्टी टाकली व्हती. दिसभर घरीच. दुपारच्याला सासूबाई आतनं म्हनल्या, सुरेखा, माज्या पायाशी नको बसूस गं, खाट खाली जातीया."

"बरं, मग?"

"मी अंगनात व्हते, दादा. कपडे वाळत घालीत व्हते."